सोफ्याचं डावं टोक

आमच्या घरातून माझी बायको निघून गेली, तेव्हा ती फक्त अकरा पावलं गेली. हॉलमधल्या सोफ्यावरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. हातात मोबाइल, कानात दोन पांढरी बोंडं, दार लोटलेलं. सिनेमा तोच, जो मी बाहेर टीव्हीवर बघत होतो. फक्त ती तो आत एकटी बघत होती.

गावभर सांगावं असलं हे दुःख नाही, मला कळतं. पण रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सोफ्यावर बसून सिनेमा बघायचा, हा आमच्या संसारातला सगळ्यात टिकाऊ रिवाज होता. मुलगी लहान होती तेव्हा ती मधे बसायची. ती नोकरीला पुण्याला गेली, तर मधल्या जागेवर चिवड्याची प्लेट आली. भांडणं झाली, आजारपणं झाली, पण रविवारची दुपार मोडली नाही. ती मोडली माझ्या दोन शब्दांनी. "काय म्हणाला?"

दर दोन मिनिटांनी मी विचारायचो, ती सांगायची. सांगता सांगता पुढचं बोलणं निघून जायचं, की मग ते विचारायचो. एका रविवारी तिनं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"मी सिनेमा पायतच नाई. मी तुमाले सिनेमा सांगून राहिली. नाटकात तुमाले प्रॉम्प्टर लागे, आता घरात बी लागते. आवाज वाढवला तं माह्यं डोकं दुखते. नाई वाढवला तं तुमचं लक्ष नाई. लक्षच नसते तुमचं. मी बोलते तवा तरी कुठं असते?"

आणि गेली.

आता खरं सांगतो. लक्ष होतं. डावा कान नव्हता.

मी शाळेत भूगोल शिकवतो, पण अमरावतीत मला ओळखतात ते निवेदक म्हणून. गॅदरिंग, सत्कार, लग्नातले स्वागत समारंभ, सगळीकडे मी. स्टेजच्या कोपऱ्यात, माणसाएवढ्या साउंड बॉक्सला डावा कान लावून मी पंचवीसेक वर्षं उभा राहिलो. हळूहळू त्या कानाला फोन लावला की पलीकडचा माणूस विहिरीत उतरून बोलल्यासारखा वाटू लागला. मी फोन उजवीकडे घेतला. वर्गात खिडकीच्या बाजूला उभा राहू लागलो, म्हणजे मुलं उजवीकडे येतात. सोफ्यावर डाव्या टोकाला बसू लागलो, म्हणजे बायको उजवीकडे येते. उरलेलं काम डोळे करायचे, कारण हौशी नाटकांत कामं करताना समोरच्याचे ओठ बघून आपलं वाक्य उचलायची सवय होतीच. माणूस किती चलाख असतो! आणि हे कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. बहिऱ्या निवेदकाला स्टेजवर कोण बोलावणार?

बायकोला वाटत होतं की मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मी तिला तसं वाटू दिलं. दुर्लक्ष करणारा नवरा निदान तरुण तरी वाटतो.

तिला त्या अकरा पावलांवरून परत आणायचं, पण कानाचं नाव न काढता, असा माझा बेत होता. म्हणून मी जेवताना उभं राहून, स्टेजवरचा आवाज लावून जाहीर केलं, "दोष आपल्या दोघांचाही नाही. दोष टीव्हीचा आहे! हे नवे टीव्ही पापडासारखे पातळ, त्यांत आवाजाला जागाच कुठं? आपण होम थिएटर घेऊ."

"घ्या," ती म्हणाली. "वरण वाढू?"

मग माझे जे दिवस सुरू झाले त्यांचा थकवा अजून खांद्यांत आहे. अमरावतीतलं आवाजाचं एकही दुकान मी सोडलं नाही. जयस्तंभापासून कॅम्पापर्यंत, शाळा सुटली की माझी वारी नव्हे, वरात निघायची, एका माणसाची. प्रत्येक दुकानात आत एक अंधारी खोली, थंडगार एसी, काळा सोफा आणि एक विक्रेता, ज्याला वाटतं की गिऱ्हाईक युद्धाला निघालं आहे. पहिल्या दुकानात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. दुसऱ्यात गेलं. चौथ्या दुकानात हेलिकॉप्टर आलं तेव्हा मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

"सरजी, मांग पाहा, मांग! मांगून गोळी चालून राहिली!"

"अरे पण दोन माणसं घरात बसून साधं बोलत आहेत, असं काही आहे का?"

"साधं कायले पाहता सरजी? साधं तं टीव्हीत बी आयकू येते."

मला येत नव्हतं, हीच तर अडचण. पण ते कबूल कोण करणार? तो एक संच लावायचा, मग दुसरा, आणि विचारायचा, "फरक वाटला?" फरक काडीचाही वाटत नव्हता. मी डोळे मिटायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "पहिल्यात गोडवा आहे, पण दुसऱ्यात अदब आहे." विक्रेते खूश. एकानं माझं ते वाक्य पुढच्या गिऱ्हाइकाला माझ्यासमोर ऐकवलं. घरी यायचो तेव्हा उजवा कानही सुन्न झालेला असायचा. आतल्या खोलीचं दार लोटलेलंच असायचं.

तीन महिने मी असा हिंडलो. खोली किती बाय किती, छत किती उंच, पडदे जाड की पातळ, हे मला माझ्या जन्मतारखेसारखं पाठ झालं. माहितीपत्रकांचा गठ्ठा टीव्हीच्या कपाटावर चढत गेला आणि निर्णय मात्र होईना. शेवटी मी साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, फोन केला. आमच्याकडे कोणतीही वस्तू एकट्यानं घेत नाहीत. बैल असो, फ्रिज असो, एक जाणकार सोबत लागतो, आणि जाणकार म्हणजे ज्याला स्वतःविषयी शंका नाही तो. माझा साळा हिवरखेडला शेती करतो आणि शंका या गोष्टीशी त्याची ओळख नाही.

तो सकाळच्या एसटीनं आला, तेव्हा पिशवीतून त्यानं केळी काढली आणि मग एक स्टीलचा पेला काढला.

"हे कशाला?"

"मशीन हाय थे, भाऊजी. चाला."

दुकानात त्यानं पेला काठोकाठ पाण्यानं भरला आणि जमिनीवरच्या त्या मोठ्या घुमणाऱ्या डब्यावर, म्हणजे सबवूफरवर ठेवला. त्यांच्याकडे लग्नातला डीजे ठरवताना हीच परीक्षा असते. गाणं लागलं की पेल्यातलं पाणी थरथरलं पाहिजे, आणि काठावरून सांडलं तर सुपारी पक्की. विक्रेत्यानं आवाज वाढवला. पाणी थरथरलं, नाचलं आणि त्याच्या गालिच्यावर सांडलं.

"झालं," साळा म्हणाला. "हाच."

मी भूगोलाचा पदवीधर माणूस. तीन महिने माहितीपत्रकं वाचली होती. आणि मी एका पेल्याचं ऐकलं, कारण त्या पाण्याचं नाचणं मला दिसत होतं. तेवढी एकच गोष्ट मला त्या सगळ्या दिवसांत नीट कळली होती.

आठ दिवस वापरून बघा, या बोलीवर संच घरी आला. रविवारी मी बायकोला हात धरून सोफ्यावर बसवलं. नायक काहीतरी बोलला, त्याच्या मागे ढोल वाजला, आणि स्वयंपाकघरातले डबे बोलू लागले. आधी डाळीचा, मग साखरेचा, मग मांडणीवरची सगळी ताटं एका सुरात. खिडकीच्या काचा गुणगुणल्या. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि विचारू लागल्या, "वरात कोणाची होय जी?" आणि ढोलाच्या खाली नायक काय बोलत होता, ते आता मला दोन्ही कानांनी समजेना.

"काय म्हणाला?" माझ्या तोंडून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "काई नाई म्हणाला," ती म्हणाली, आणि डबे पुसायला निघून गेली. संच परत गेला.

साळ्याला पेल्याचा अपमान सहन झाला नाही. त्यानंच मग अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता दिला. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही दुरुस्त करता करता तो आता स्पीकर जुळवून देतो. "पण लय खवट माणूस हाय. पटलं नाई तं इकतच नाई." फोनवर मला त्या मेकॅनिकनं एकच विचारलं. "आयकनार कोण कोण?"

"मी आणि मंडळी."

"मंग दोघं बी या. एकट्याले मी दाखवत नाई."

बायको यायला तयार होईना. अकोल्याला तिची मावशी आहे, त्या निमित्तानं कशीबशी निघाली. आता गाडीचा भूगोल बघा. चालवणारा उजवीकडे, बायको डावीकडे. बडनेरा मागं पडलं आणि ती बोलू लागली. गाडीचा आवाज, ट्रकांचा आवाज आणि माझ्या मेल्या कानाशी तिचं बोलणं. रस्त्यावरून नजर काढून ओठ बघणार कसे? मी आवाजाच्या चढउतारावरून अंदाज घेत राहिलो. वर गेला की "अरे!", खाली आला की "हं", थांबला की "बरोबर आहे." मूर्तिजापूरच्या आधी ती थांबली, माझ्याकडे वळून बघू लागली. मी म्हणालो, "बरोबर आहे. तुला योग्य वाटेल तसं कर." ती गप्प झाली आणि अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, समाधान झालं.

मेकॅनिकचं दुकान गल्लीत, दोन खोल्यांचं. ऐकायच्या खोलीत शिरलो आणि मला हसू आलं. चारही भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, फुलाफुलांच्या, एकीवर तर चहाचा डागसुद्धा. "आवाज भितीवर आपटून वापस आला की शब्द फाटते," तो म्हणाला. "लोकं भितीले महागाचे पॅनल लावते. आपल्याकडं कापूस हाय." खोलीत बोललो तर आपलंच बोलणं ओठांपाशी थांबायचं.

त्यानं आम्हाला बाकावर बसवलं. मी सवयीनं डाव्या टोकाला. ते त्यानं पाहिलं, आता मला वाटतं. मग टीव्ही लावला, आणि उन्हासाठी खुंटीवर टांगलेला पांढरा दुपट्टा काढून सरळ टीव्हीवर टाकला.

"हे काय, काका?"

"चित्र पायलं की डोये आयकाले लागते. कानाचं काम डोये करते. आवाज निवडाचा तं चित्र झाका लागते."

पंचवीस वर्षं स्टेजवर उभा राहिलोय, पण कोणी माझ्यासमोर असा पडदा टाकला नव्हता.

दुपट्ट्यामागे दोन माणसं बोलू लागली. हेलिकॉप्टर नाही, ढोल नाही. एक म्हातारा आणि एक बाई असावी. आवाज होता, पण शब्द नव्हते. ताटातला भात दिसावा आणि शितं मोजता येऊ नयेत, तसं.

"कसं वाटलं?" मेकॅनिक म्हणाला.

मी डोळे मिटले. "स्वरात एक उबदारपणा आहे..."

"उबदार गादी हाय जी. म्हातारा काय म्हणाला, थे सांगा."

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हाताऱ्याचा सूर आठवून पाहिला. थकलेला, खालच्या पट्टीतला, शेवटी तुटलेला. त्यावरून मी छातीवर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणालो, "तो म्हणाला, मुली, मला सोडून जाऊ नको."

बायको खळखळून हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, तो इचारून राहिला, माह्या चपला कोणं नेल्या!"

मीही हसायला हवं होतं. निवेदकाला एवढं तर जमायला हवं. पण माझा चेहरा नाटकातला राहिला नाही, आणि ती बघत होती. तिचं हसू थांबलं, ते एकदम नाही, एकेक पायरी उतरत थांबलं. मला गंमत करायची सवय आहे. तिला कळलं की ही गंमत नव्हती.

मेकॅनिकनं तेच पुन्हा लावलं आणि माझा उजवा कान टीव्हीकडे वळवला. चपला स्पष्ट ऐकू आल्या. डावा वळवला. चपला गेल्या. त्यानं दुपट्टा काढला, घडी घातली, खांद्यावर टाकला.

"तुमाले मी पाच स्पीकर इकू शकतो. चार तुमच्या कामाचे नाईत. आधी कान दाखवून या. मंग तोंडासमोर ठेवाचा एक देतो, बोलणं साफ करणारा. तेवढा पुरते."

परत निघालो. ती डावीकडे बसली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. चहा पिऊन ती गाडीशी आली, पुढचं दार उघडलं, बंद केलं, आणि मागच्या सीटवर बरोबर माझ्या पाठीशी जाऊन बसली. खिडकीच्या बाजूनं पुढं वाकली, माझ्या उजव्या कानापाशी.

"लोक म्हणतील बाईनं ड्रायव्हर ठेवला," मी म्हणालो.

"म्हणू द्या. सकाळी बडनेऱ्यापासून मी काय सांगत होती, सांगा."

मी गाडी चालवत राहिलो.

"सांगा ना."

"मला नाही ऐकू आलं."

"किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं झाली असतील."

मग ती म्हणाली, "तीन वर्षं मी समजून राहिली का या माणसाले माह्यं बोलणं आवडत नाई. बाकी साऱ्या दुनियेशी बोलते, माह्याशीच नाई. मी हळूहळू बोलणं कमी केलं. तुमाले थे बी नाई समजलं." ती आणखी पुढं वाकली. "बहिरे हाओ म्हणाले असते तं काय मी टाकून देत होती तुमाले?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"सकाळी काय सांगत होतीस?" मी विचारलं.

"मी म्हणाली, सोफा भावाले देऊन टाकू. दोघं बसत नाई तं कायले अडवून ठेवाचा. तुमी म्हणाले, बरोबर आहे, तुला योग्य वाटेल तसं कर." ती थांबली. "मावशीकडूनच मी त्याले फोन करून टाकला."

अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी यंत्र बसवलं. त्याचं कौतुक मी करणार नाही. पहिले पंधरा दिवस मी इतका थकलो की शाळेतून येऊन आडवाच पडायचो. पंखा किरकिरतो, फ्रिज कण्हतो, कागद फाटल्यासारखा वाजतो, आणि वर्गात मागच्या बाकावर माझ्याविषयी काय बोलतात तेही कळलं. स्टेजवर पहिल्यांदा यंत्र लावून उभा राहिलो, तर एक आजोबा येऊन कौतुकानं म्हणाले, "मास्तर, कितीले पडलं?" आणि आपलं दाखवू लागले. कार्यक्रम कमी झाले का? झाले थोडे. मी साउंड बॉक्सपासून लांब उभा राहतो, ते संयोजकांना आवडत नाही.

अकोल्याहून तो एक स्पीकर आला. लांबट, काळा, वीतभर उंचीचा. टीव्हीखाली ठेवला, तर पाहुण्यांना दिसतही नाही. चार महिन्यांच्या पायपिटीची ही एवढीशी निशाणी. त्यातून हेलिकॉप्टर नीट उडत नाही. माणसं बोलतात ते समजतं.

रविवारी जेवणं झाली. बायकोनं चिवड्याची प्लेट मधे ठेवली आणि बसली. कानातली बोंडं तिनं आत ठेवून दिली होती. मी डाव्या टोकालाच बसलो, सवय जात नाही. सिनेमा सुरू झाला आणि वीस मिनिटं मी काही विचारलं नाही. ती मधूनमधून माझ्याकडे चोरून बघायची.

तेवढ्यात फाटकाशी पिकअप गाडी थांबली. साळा, सोबत दोर आणि जुनी सतरंजी.

"सोफा न्याले आलो, भाऊजी! आता कुठं गाडी भेटली."

"सोफा नाई भेटत," बायको बसल्या जागेवरून म्हणाली.

"काहून? तूनंच तं बलावलं!"

"आता बसतो आमी त्याच्यावर. गाडी रिकामी ने. का चिवडा खातं?"

तो कुरकुरत आत आला, प्लेट मांडीवर घेऊन आमच्या दोघांच्या मधे बसला, आणि त्यानं टीव्हीखालच्या त्या काळ्या पट्टीकडे तुच्छतेनं बघितलं. "याच्यात काई दम नाई जी. आवाज वाढवा." बायकोनं वाढवला नाही. तो पुढं सरकला. मान थोडी तिरपी केली. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज दोन शिवारांपलीकडे ऐकू येतो, हे मला तेव्हा आठवलं.

"काय म्हणाली ती बाई?" त्यानं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "मी नाई सांगत," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मी सांगितलं. सांगता सांगता पुढचं बोलणं निघून गेलं, आणि त्यानं तेही विचारलं.